पास्त्याच्या जागी भाजी : पाणी कुठून येतं आणि भूक का राहते

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पुण्याच्या एका ताईंनी लिहिलंय. घरात चौघं : त्या, यजमान, चौदा वर्षांची लेक आणि सासूबाई. दर शनिवारी रात्री पास्ता, हा लेकीने पाडलेला पायंडा. ५०० ग्रॅमचं अख्खं पाकीट, व्हाइट सॉस आणि सोबत गार्लिक ब्रेड. गेल्या तपासणीत यजमानांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ आलं. औषध नाही, पण ‘मैदा, भात, बटाटा जरा बेताने’ असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईंनी ऑनलाइन स्पायरलायझर मागवला, झुकिनीच्या लांब लांब तारा काढल्या, पाण्यात उकळून व्हाइट सॉसमध्ये घातल्या आणि लेकीला काही न सांगता ‘नवीन पास्ता’ म्हणून वाढल्या. पाच मिनिटांत ताटलीत पाण्याचं तळं. लेक पहिल्याच घासाला ओळखून उठली, वर ‘मला फसवलंस’ हेही ऐकवलं. यजमानांनी निमूट खाल्लं आणि साडेदहाला फरसाणाचा डबा काढला. सासूबाईंचं म्हणणं, ‘एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ दुधीची भाजी कर की.’ त्यानंतर दोन-तीनदा करून पाहिलं, दर वेळी तेच. ताई विचारतात : माझं चुकतंय काय? झुकिनी महाग पडते, दुसरी कुठली भाजी चालेल? आणि पास्ता घरातून कायमचा बंदच करावा का?

ताई,

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर पहिले दोन अवलंबून आहेत. पास्ता बंद करायची गरज नाही. पण शनिवारच्या जेवणात साखर वाढवणारं नेमकं काय आणि किती आहे, हे एकदा मोजून पाहायला हवं. तुम्ही थेट पास्त्यालाच आरोपी ठरवलंत.

५०० ग्रॅमचं पाकीट चौघांत म्हणजे माणशी १२५ ग्रॅम कोरडा पास्ता. त्यात साधारण ९० ग्रॅम कर्बोदकं येतात. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अंदाजे वीस ग्रॅम धरली, तर ही साडेचार पोळ्यांची बेगमी झाली. त्यावर गार्लिक ब्रेड. यजमान एरवी रात्री साडेचार पोळ्या आणि वर पाव खातात का? नसतील, तर अडचण पास्त्यात कमी आणि मापात जास्त आहे. इटलीत एका माणसाचं नेहमीचं माप ८० ग्रॅमच्या आसपास असतं, आणि तिथे पास्ता बहुतेक वेळा जेवणातला एक पदार्थ असतो, अख्खं जेवण नव्हे.

दुसरं म्हणजे, पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता आणि मैद्याचा पास्ता यांत फरक आहे. ड्युरमचा पास्ता दाताखाली किंचित कडक लागेल इतपतच शिजवला, तर रक्तातली साखर पांढऱ्या पावापेक्षा सावकाश चढवतो. पास्त्याचा पीठगोळा इतका घट्ट दाबलेला असतो की पाचकरसांना आतल्या पिष्टापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोच पास्ता गिचका होईस्तोवर शिजवला की हा फायदा कमी होतो. म्हणून शनिवारच्या ताटातून एकच वस्तू काढायची झाली, तर मी आधी गार्लिक ब्रेड काढेन. त्यासाठी एकही झुकिनी किसावी लागत नाही.

आता भाजीकडे वळू. भाजीच्या तारा पास्त्याचा आकार घेतात, त्याचं काम घेत नाहीत. सगळा घोळ इथे होतो. कोरडा पास्ता शिजताना पाणी पितो आणि वजनाने दुपटीहून अधिक होतो. वर थोडं पिष्ट पाण्यात सोडतो, त्याने सॉस दाटतो आणि पास्त्याला चिकटतो. झुकिनीचं नेमकं उलट. तिच्या वजनातले शंभरातले ९४-९५ भाग पाणीच असतं, ते ती सोडत राहते, आणि सॉस धरून ठेवायला तिच्याकडे पिष्ट जवळपास नाहीच. पास्त्याच्या हिशेबाने केलेला व्हाइट सॉस तिच्यावर घातला की त्याची आमटी होणारच. तुमच्या हाताला दोष नाही, रेसिपी दुसऱ्याच पदार्थाची होती.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ तुम्ही वाढायच्या वेळी घालता, आधी घातलं तर पाणी सुटतं म्हणून. झुकिनीचं शास्त्र तेच, फक्त उलट बाजूने वापरायचं : पाणी सुटायचंच आहे, तर ते ताटलीत सुटण्याआधी चाळणीत सोडवून घ्यायचं. शिवाय तुम्ही तारा पाण्यात उकळल्यात. आधीच पाण्याने भरलेल्या भाजीच्या पेशी उकळत्या पाण्यात फुटतात, मऊ पडतात आणि वरून आणखी पाणी अडकवून बसतात. पास्ता उकळतात म्हणून झुकिनीही उकळायची, असं काही नाही.

चौघांसाठी करायचं झालं तर एक किलो झुकिनी लागेल, कारण पाणी जाऊन ती बरीच आकसते. माणशी अडीचशे ग्रॅम कच्ची म्हणजे ताटलीत जेमतेम मोठी वाटीभर. निवडताना दीडशे ते दोनशे ग्रॅमची, सरळ आणि चार-पाच सेंटीमीटर जाडीची घ्या. मोठ्या झुकिनीचा गाभा स्पंजासारखा आणि बियांचा असतो, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच येतं. साल काढू नका, तारेला धरून ठेवणारा तोच भाग. तारा निघाल्या की कात्रीने वीतभर लांबीच्या कापा. नाहीतर कढईत त्यांचा एकच गुंता होतो, सॉस बाहेर राहतो आणि पहिल्या वाढपालाच निम्मा गोळा एकाच्या पानात जातो.

तारांना दर अर्ध्या किलोला एक सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, हलक्या हाताने लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा, खाली पातेलं. मग स्वच्छ पंचात घेऊन पिळा, मात्र चक्क्यासारख्या घट्ट पिळू नका, तारा तुटतात. पातेल्यात जमलेलं पाणी पाहिलंत की ताटलीतलं तळं कुठून येत होतं ते कळेल. मीठ आता तारांमध्ये उतरलेलं आहे, म्हणून सॉसमध्ये नेहमीच्या निम्मं घाला आणि चव घेऊन वाढवा. बऱ्याच जणींचा पदार्थ इथेच खारट होतो, आणि मग मीठ लावायची पायरीच गाळली जाते.

पुढचं काम दोन मिनिटांचं. सगळ्यात रुंद कढई किंवा तवा कडकडीत तापवा, चमचाभर तेल, त्यात निम्म्याच तारा. मोठ्या आचेवर दीड ते दोन मिनिटं परतायच्या, झाकण न ठेवता. एकदम सगळ्या घातल्या तर कढई गार पडते आणि परतण्याऐवजी त्या स्वतःच्याच वाफेत शिजतात. झाकणानेही तेच होतं. तारेत थोडा करकरीतपणा असतानाच उतरवा, कारण उतरवल्यावरही ती आतल्या उष्णतेने शिजत असते. सॉस वेगळ्या भांड्यात तयार आणि नेहमीपेक्षा दाट हवा : कढईच्या तळाशी पळी ओढली की रेघ दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. सॉस तारांवर घालायचा, तारा सॉसमध्ये उकळायच्या नाहीत. आणि लगेच वाढायचं. सगळे पानावर बसल्यावरच कढई चढवा. पास्ता दहा मिनिटं थांबतो, झुकिनी थांबत नाही.

आता झुकिनीचं महत्त्व थोडं कमी करू या. परदेशी रेसिप्यांमध्ये ती सगळीकडे दिसते, कारण तिकडे उन्हाळ्यात ती ढिगाने आणि स्वस्त मिळते. आपल्या मंडईत तिला पर्याय आहेत, काही तर तिच्याहून सरस.

माझं मत विचाराल तर पहिला नंबर नवलकोलाचा. पाणी झुकिनीपेक्षा कमी, गर घट्ट, बिया नाहीत, चव सौम्य. थंडीत मिळतो तेव्हा जरूर घ्या, मुठीएवढा, कारण मोठा आतून धागेदार होतो. साल जाड काढा, आतल्या पांढऱ्या धाग्यांच्या थरासकट, नाहीतर तारा चावता चावत नाहीत. मीठ लावून पिळायची गरज नाही. तीन मिनिटं परतला की झाला. सॉस घालून पाच-दहा मिनिटं राहिला तरी आब राखतो.

सासूबाईंच्या दुधीच्याही तारा होतात, पण तिच्या दोन अटी. नख सहज रुतेल इतकी कोवळी हवी, आणि कापल्यावर एक तुकडा कच्चा चाखायचा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खी दुधी फेका. त्या कडूपणामागचे घटक विषारी असतात, शिजवून जात नाहीत, आणि त्यांनी उलट्या-जुलाबांपासून रक्तस्रावापर्यंत गंभीर त्रास होऊ शकतो. झुकिनी त्याच कुळातली, तिलाही हाच नियम. तारा फक्त बाहेरच्या घट्ट गराच्या काढायच्या, बियांचा मऊ गाभा आला की थांबायचं. तो गाभा थालीपिठात घाला, पीठ भिजवायला वेगळं पाणी फारसं लागणार नाही. दुधीच्या तारा झुकिनीपेक्षा मिनिट-दोन मिनिटं जास्त घेतात आणि शिजल्यावर काचेसारख्या पारदर्शक होतात. लसूण, मिरीपूड आणि थोडं चीज यांच्याबरोबर छान लागतात, टोमॅटोत त्यांची चव हरवते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कोबी. त्याला यंत्र लागत नाही. पानं सुटी करून मधली जाड शीर काढा, बोटभर रुंद पट्ट्या कापा, मिठाच्या उकळत्या पाण्यात दीड मिनिट टाका, निथळून फडक्यावर पसरा. रुंद फीतवाल्या पास्त्याच्या जवळ जाणारी भाजी हीच, आणि तुमच्या व्हाइट सॉसला हीच पेलते. दीड मिनिटाचं पाच मिनिटं झालं की मात्र तो उग्र वास सुटतो, जो पोरांना लांबूनच कळतो.

गाजराच्या तारा उत्तम निघतात. हवं तर दोन मिनिटं झाकण ठेवा, गाजर ते सहन करतं. गोडवा असल्याने दाण्याचं कूट, लसूण, लिंबू आणि लाल तिखट असा मामला त्याला जास्त जमतो. कच्ची पपईही आकार छान धरते, घरात कोणी गरोदर असेल तर तेवढी वगळा. काकडी गार आणि कच्चीच बरी. शिराळं तर कढईत विरघळूनच जातं. रताळ्याच्या तारा सुंदर दिसतात, पण शंभर ग्रॅमला वीस ग्रॅम कर्बोदकं असताना यजमानांच्या कामाच्या नाहीत. आणि बिटाने सगळा स्वयंपाक गुलाबी होईल, ते चालत असेल तर घ्या. अमेरिका-कॅनडातल्या वाचकांना स्पॅगेटी स्क्वॉश मिळतो : त्याचे धागे फळाच्या घेराने गोल फिरतात, म्हणून लांब तारा हव्या तर तो उभा न कापता आडवा कापायचा, बिया काढून २०० अंश सेल्सिअसला चाळीस मिनिटं भाजायचा आणि काट्याने सोडवायचा.

वांगं तारांसाठी नाही, पण लसान्याच्या पट्ट्यांच्या जागी त्याला तोड नाही. भरताचं मोठं वांगं, उभे पाऊण सेंटीमीटरचे काप, मीठ लावून अर्धा तास, पुसून, ब्रशने तेल लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. तेल तव्यात ओतू नका, वांगं ते सगळं पिऊन टाकतं. मग टोमॅटो सॉस, वांगं, चीज असे थर, ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा तास, आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर थर घसरतात. दक्षिण इटलीत वांग्याचे असे थर पिढ्यान्‌पिढ्या करतात. तिथे कोणी त्याला पास्त्याची नक्कल समजत नाही, आणि म्हणूनच त्या पदार्थाकडून कोणाची निराशाही होत नाही.

यजमानांचा फरसाणाचा डबा हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा, आणि पत्रात तुम्ही तो जाता जाता लिहून मोकळ्या झालात. १२५ ग्रॅम पास्त्यातून त्यांना साधारण साडेचारशे उष्मांक आणि पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळायची. त्या जागी तीनशे ग्रॅम झुकिनी आली : उष्मांक पन्नास, प्रथिनं चार ग्रॅमसुद्धा नाहीत. जेवण झालं, पण पोटाच्या दृष्टीने झालंच नाही. पन्नास ग्रॅम शेव-फरसाण म्हणजे अडीचशेच्या वर उष्मांक, बेसन-तेल-मीठ, तेही झोपायच्या तोंडावर. पास्ता काढून भाजी घातलीत, तर जे वजा झालं ते डाळ, पनीर, अंडं, चिकन अशा कशाने तरी भरून काढायलाच हवं. ही बेरीज न केल्याने असे प्रयोग बहुतेक घरांत दोन आठवड्यांत बंद पडतात.

म्हणून सॉस असा करा, चौघांसाठी. ऐंशी ग्रॅम मसूर डाळ तीनशे मिली पाण्यात मऊ शिजवून घ्या, पण पिठलं होऊ देऊ नका. दोन मोठे चमचे तेलात दोन बारीक चिरलेले कांदे चांगले तांबूस, मग आठ पाकळ्या लसूण ठेचून, मग पाऊण किलो टोमॅटो. लांबट, जाड गराचे घ्या. गोल रसाळ टोमॅटो आंबट असतात आणि आटायला दुप्पट वेळ खातात. उघड्या कढईत वीस-पंचवीस मिनिटं आटवा, कडेने तेल दिसू लागलं की मसूर, चिली फ्लेक्स, ओरेगानो, मीठ घाला आणि आणखी पाच मिनिटं ठेवा. शेवटी दीडशे ग्रॅम पनीर कुस्करून. माणशी अकरा-बारा ग्रॅम प्रथिनं यातूनच मिळतात. मसुरातही कर्बोदकं असतात, माणशी बारा ग्रॅमच्या आसपास, पण तंतू आणि प्रथिनांच्या सोबतीने येतात. आणि मसूर झुकिनीने सोडलेलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतो, हा वरकड फायदा.

व्हाइट सॉसशिवाय शनिवार होत नसेल, तर तीनशे ग्रॅम फ्लॉवरचे तुरे दोन लसूण पाकळ्यांसह सुरी सहज जाईल इतके वाफवा, दीडशे मिली गरम दूध आणि एक-दोन चीज क्यूब घालून मिक्सरमधून मुलायम फिरवा, वर मिरीपूड आणि किंचित जायफळ. मैदा नको, लोणी नको, आणि पाणी सुटलं तरी हा सॉस फुटत नाही. पण हा सॉस फ्लॉवरचा आहे हे सांगून वाढा.

कारण लेकीचा राग झुकिनीवर कमी आणि लपवण्यावर जास्त आहे. चौदाव्या वर्षी तिला पास्ता म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. ‘हा पास्ताच आहे’ म्हटलं की ती पास्त्याशी तुलना करणार, आणि त्या स्पर्धेत भाजी हरणारच. ‘आज नवलकोलाच्या तारा आहेत, बघ आवडतात का’ म्हटलं तर निदान स्पर्धा होत नाही. दुसरं, जरा महत्त्वाचं : तिची साखर वाढलेली नाही. वाढत्या वयातल्या मुलीला बाबांचं पथ्य लावायचं कारण नाही. आणि ‘पास्ता वाईट, कार्ब्ज वाईट’ हे जेवणाच्या टेबलावर रोज ऐकून या वयातल्या मुली नको तेवढं मनावर घेतात. तिला भाजी खायला लावायची असेल तर ती तिच्या पास्त्यात वाढवा, पास्त्याऐवजी नको.

इथे निम्मं-निम्मं कामी येतं, आणि तुमच्यासारख्या बहुतेक घरांसाठी मला हाच मार्ग पटतो. यजमानांना ४० ग्रॅम कोरडा पास्ता आणि दीडशे ग्रॅम भाजीच्या तारा. लेकीला ८० ग्रॅम पास्ता आणि मूठभर तारा. तुम्ही आणि सासूबाई आपापल्या भुकेप्रमाणे. चाळीस ग्रॅमात कर्बोदकं २९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आधीच्या नव्वदच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि ताटली भरलेली. शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ घ्या, पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी उकळा. गाजराच्या तारा शेवटच्या दोन मिनिटांत आणि कोबी शेवटच्या दीड मिनिटात त्याच पातेल्यात टाका. नवलकोल, दुधी किंवा झुकिनी वेगळी परता. निथळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवायला विसरू नका. त्यात पिष्ट असतं, आणि सॉसमध्ये दोन-तीन डाव ते घालून मिनिटभर हलवलं की पास्ता, भाजी आणि सॉस एकजीव होतात. नुसत्या भाजीत जे होत नव्हतं, ते चाळीस ग्रॅम पास्त्याने साधतं. पास्ता स्पॅगेटीसारखा लांबच घ्या. मॅकरोनीच्या नळ्यांत तारा मिसळत नाहीत, वाढताना वेगळ्या पडतात.

स्पायरलायझर घेतलाच आहे तर वापरा, पण या सदराच्या बाकी वाचकांनी त्यासाठी धावू नये. दातेरी पात्याचं जुलिएन पीलर मिळतं, किमतीने बरंच कमी आणि खणात मावणारं. भाजीवर लांबीने ओढलं की तारा निघतात. बोटं जपा, शेवटचा बोटभर तुकडा हातात उरला की थांबा. यंत्र लगेच ब्रशने धुवा, वाळलेले धागे पात्यातून निघत नाहीत. प्लॅस्टिकवर गाजराचा नारिंगी डाग बसला तर थेंबभर खाद्यतेल चोळून मग साबण लावा.

शनिवारची घाई टाळायची असेल तर तारा आदल्या दिवशी काढून ठेवता येतात. मीठ न लावता, डब्यात खाली कोरडं फडकं घालून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात. फ्रीझरमध्ये मात्र नकोत, बाहेर काढल्यावर लगदा होतो. डब्यात द्यायच्या असतील तर झुकिनी आणि दुधी नकोच, दुपारपर्यंत डब्यात पाणी साठतं. कच्च्या गाजर-नवलकोलाच्या तारा, वेगळ्या डबीत दाण्याची चटणी, लिंबाची फोड आणि मीठ, असं द्या. ऐन वेळी कालवलं की झालं.

सासूबाईंचं म्हणणं तेवढं राहिलं. साखरेचाच विचार केला तर दुधीची भाजी, डाळ आणि दोन पोळ्या हे शनिवारचंही उत्तम जेवण आहे, आणि त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. आठवड्याचे बाकी सहा दिवस तुमच्याकडे तेच होत असेल, तर एका शनिवारच्या पास्त्यावर एवढा जीव टाकू नका. होत नसेल, तर आधी ते सहा दिवस पाहा. यजमानांच्या ६.१ चा निकाल तिथे लागेल.

शेवटी एक खबरदारी, हे वाचून आपापल्या घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी. तुमच्या यजमानांना औषध नाही, त्यामुळे कर्बोदकं कमी केल्याने सहसा धोका नाही. पण ज्यांना इन्सुलिन आहे किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आहेत, त्यांनी रात्रीच्या जेवणातली कर्बोदकं एकदम निम्म्यावर आणू नयेत, मध्यरात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर तुम्ही एवढं करा : एका शनिवारी नेहमीचा पास्ता, पण ब्रेडशिवाय, आणि पुढच्या शनिवारी निम्मं-निम्मं. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी यजमानांची साखर मोजून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या दोन तासांत फरसाणाचा डबा त्यांच्या हाती लागणार नाही एवढं बघा.